गोपेनदांच्या अंगातलं रक्त

श्यामपुकुर भागातल्या तरुण संघाचं रक्तदान शिबिर नेहमीप्रमाणे भर उन्हाळ्यात भरलं. प्रत्येक दात्याला उकडलेलं अंडं, केळं, संदेश मिठाई आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायचं कार्यकारिणीने एकमताने ठरवलं होतं. पहिला मान निरुपम सरखेलचा. त्याचा रक्तगट दुर्मिळ, म्हणून संघाच्या भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता, जिवंतपणीच.

यंदा निरुपमला घड्याळ नको होतं, दात्याचं कार्ड हवं होतं. अर्धेंदूचं पोटाचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं आणि कार्डाशिवाय रक्तपेढी बाटली देत नव्हती. दोघं वीस वर्षं एका घरात राहत होते. अर्धेंदूच्या हातचं मटण सगळ्या गल्लीने खाल्लं होतं आणि हाडं चोखताना कुणी काही विचारलं नव्हतं.

यंदाच्या नव्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, पुरुषांशी संबंध आहेत का?

निरुपमला खोटं बोलायची सवय नव्हती. "एकाशीच," तो म्हणाला. "वीस वर्षं झाली."

"मग कायमचे बाद. नियमात निष्ठेला सवलत नाही."

निदान रक्त तपासून तरी बघा, अशी त्याने विनंती केली. तपासणी सगळ्याच बाटल्यांची होते, डॉक्टरांनी समजावलं. पण यंत्राला फक्त रोग कळतो, माणूस कळत नाही. पाठोपाठ बुल्टू आला. त्याचे संसार कुठे कुठे आहेत हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं. लग्न झालंय का, एवढंच डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"भरपूर," बुल्टू म्हणाला. त्याला घड्याळ मिळालं.

निरुपम जायला उठला आणि संघाचे सचिव गोपेनदा पांढरेफटक पडले. मागे बसच्या अपघातात त्यांना चढवलेलं रक्त निरुपमचंच होतं. हे ते दर सभेत अभिमानाने सांगत. आता निरुपम बाद, म्हणजे गोपेनदाही बाद. बरे झाल्यावर गोपेनदांनी दिलेली एक बाटली नगरसेवकांच्या सासूबाईंना गेली होती. बाधा थेट पक्षापर्यंत पोचत होती.

मांडवातच तातडीची सभा झाली. निरुपम सरखेल तसा नाही, पूर्वीही नव्हता, आणि अर्धेंदू हा त्याचा भाडेकरू आहे, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ठरावाची अंमलबजावणी अपघाताच्या आदल्या दिवसापासून.

"आता तू फक्त तोंडाने म्हण रे बाबा," गोपेनदांनी हात जोडले. "माझ्या अंगातल्या रक्ताचा प्रश्न आहे."

डॉक्टरांनी विचारलं, "अर्धेंदू तुमचा कोण?"

निरुपमला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पण बाटली हवी होती.

"भाडेकरू."

रक्त तत्काळ शुद्ध झालं.

इस्पितळात कार्ड दाखवताच बाटली वर गेली. निरुपमला दरवानाने अडवलं. वर फक्त नातेवाईक, तुमचं नातं काय? निरुपम तोंड उघडणार, तेवढ्यात ठराव कुठे मोडू नये म्हणून सोबत आलेल्या गोपेनदांनी उत्तर दिलं, "घरमालक."

घरमालकांना वर सोडत नाहीत.

थोड्या वेळाने नर्स खाली आली. पेशंट सारखं निरुपम-निरुपम करतोय, त्याच्या घरचं कुणी आहे का इथे, तिने विचारलं. निरुपम बाकावरून अर्धा उठला. गोपेनदांनी त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

वाचकांनी काळजी करू नये. तुमच्यावर वेळ आलीच, तर बाटलीवर फक्त रक्तगट लिहिलेला असेल. तुम्हीही तेवढाच वाचाल. बाकीची चौकशी बरे होऊन घरी आल्यावर करालच.