मास्तरांचा क्लच

"मागं सांगितलंय की. वर बघा."

कुंपणाच्या भिंतीपलीकडून हे ऐकू आलं, की समजायचं, कुठेतरी कुणाची जुनी स्कूटर बंद पडली आहे. कसबा बावड्यातले आमचे शेजारी बापूकाका निवृत्त फिटर. फेसबुकवर जुन्या स्कूटरवाल्यांचा एक ग्रुप होता. तिथे अकरा वर्षं प्रश्न लोकांचे आणि उत्तरं काकांची, मोठ्यानं बोलत टाइप केलेली. आधी हा अपमान ठरलेला. मग स्वतःच फोन करून तासभर समजावणं.

यंदा ग्रुप टेलिग्रामवर गेला. तिथे वर बघायला काहीच नव्हतं. जुना ग्रुप महिनाअखेरीला बंद होणार म्हटल्यावर काका आमच्याकडे आले. सगळं पुसलं जायच्या आत उतरवून घ्यायचं होतं. बाबांनी मला पुढे केलं. मी मान हलवली. मी बहुधा तेवढंच करते.

पंधरा दिवस मी उत्तरं उतरवत होते. पाना म्हणजे स्पॅनर, हे इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला तिथेच कळलं. मी प्लग, केबल, क्लच अशी वर्गवारी केली. काकांना ती पसंत नव्हती. त्यांच्या डोक्यात होतं 'हातकणंगल्याच्या मास्तरांचा क्लच', 'जयसिंगपूरच्या पावण्यांचा कार्बोरेटर'.

"क्लच सगळ्यास्नी असतोय," ते म्हणाले. "मास्तर एकच हाय."

शिव्याही गाळायच्या नव्हत्या. त्यांच्याशिवाय नट घट्ट बसत नाही म्हणे.

मी मथळे त्यांचे ठेवले आणि शोधायची सोय माझी केली. नव्या ग्रुपवर कुणीही 'क्लच' लिहिलं, की मास्तर हजर. सगळे खूश झाले. विचारायची कुणाला गरजच उरली नाही.

भिंतीपलीकडे शांतता पसरली. आठवड्याभराने काका पायरीवर फोन घेऊन बसलेले दिसले. तुझं ते शोधायचं नीट चालतंय ना, त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"मग बरं हाय. लोकांस्नी गावतंय म्हणजे झालं."

मग त्यांनी फोनची रिंग स्वतःच वाजवून बघितली. वाजत होती.

बाबांची स्कूटर चार वर्षं जिन्याखाली पडून आहे. तिला काय झालंय, ते मला ठाऊक होतं. तेच उत्तर मी निदान सात वेळा उतरवलं होतं. मी भिंतीपाशी गेले.

"काका, आमची स्कूटर सुरूच होत नाही. प्लग कसा काढायचा?"