तावडेकाकांची पहाडी करवत

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत झाडं म्हणाल तर दोन नारळ आणि एक अशोक, तोही आजारी. अशा ठिकाणी आमच्या शेजारच्या तावडेकाकांनी पेट्रोलवर चालणारी, झाडं कापायची करवत विकत आणली. नुसती आणली असती तर एकवेळ चाललं असतं. ती हिमालयात नीट चालेल की नाही, या काळजीने त्यांनी मुलुंडमध्ये बसून आम्हा सगळ्यांचा जीव खाल्ला.

काका विमा कंपनीतून रिटायर झालेले. जन्मभर फायली हाताळल्या. घरातला बल्ब बदलायचा तरी वायरमन बोलावणार. पण करवत आल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून ते इंजिनावर असं बोलायला लागले, की जणू कारखान्यातच जन्मले होते. मूळचे मालवणकडचे, त्यामुळे रंगात आले की भाषा तिकडे वळायची. "सगळो हवेचो प्रश्न आसा रे," हे त्यांचं पालुपद. माझ्या बायकोचा ढोकळा बसला, हवेचा प्रश्न. सेक्रेटरीचं ब्लडप्रेशर वाढलं, हवेचाच प्रश्न. बायको एकदा शांतपणे म्हणाली, "नाही काका, तुमचा प्रश्न आहे." त्यांना ते कळलंच नाही.

मुद्दा असा होता. उंचावर हवा विरळ. इंजिनात पेट्रोल जातं तेवढंच, हवा मात्र कमी पडते. मग मशीन धूर ओकते आणि लाकडाला लावली की मान टाकते. उपाय म्हणजे कार्बोरेटरचा एक बारीकसा स्क्रू आत फिरवून पेट्रोल कमी करायचं. पण हेच इथे खाली करून ठेवलं तर पेट्रोल अपुरं पडून इंजिन तापतं आणि जळतं. थोडक्यात, पहाडातली सेटिंग पहाडातच करावी लागते. हे सगळं मला पाठ आहे, कारण काकांनी ते मला लिफ्टमध्ये, गिरणीत दळणाच्या रांगेत आणि एकदा माझ्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात ऐकवलंय. तिकडे पहाडात मेकॅनिक नसतात का, असं मी विचारलं की ते विषय बदलायचे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये करवत सुरू व्हायची. लोक गॅलरीत येऊन बघायचे. आवाज जाड, घरघरता आला की पेट्रोल जास्त आणि तीक्ष्ण, किंचाळल्यासारखा आला की कमी. दोन्हीच्या मधला, स्वच्छ, सलग आवाज पाहिजे. मला हे शिकायचं नव्हतं. कान बंद करता येत नाहीत म्हणून शिकलो.

सेक्रेटरीने पार्किंग बंद केल्यावर काकांनी नाहूरच्या बाजूचा एक टॉवर शोधला. तिथे त्यांचा ऑफिसातला जुना मित्र राहतो. करवत उचलून गच्चीवर मी नेली. पहाडापुढे टॉवर म्हणजे पाटावर उभं राहण्यासारखं आहे, हे मी वाटेत सांगितलं. "सुरुवात तर होते ना," काका म्हणाले. काही फरक पडला नाही. वॉचमनने आम्हाला खाली आणून सोडलं, तेवढीच सोय झाली.

मग त्यांना आठवलं की माझ्याकडे गाडी आहे. महाबळेश्वर.

मी नाही म्हणालो. बायकोने, "जाऊन ये एकदाचा, नाहीतर हे संपायचं नाही," म्हणून डबा भरून दिला. डिकीत करवत, गाडीभर पेट्रोलचा वास आणि घाटात प्रत्येक वळणावर काकांचा प्रश्न, "कानाक दडे बसले काय रे?" बसले नव्हते. बसले असते तर बरं झालं असतं.

वर पोचल्यावर एका सुनसान वळणावर काकांनी करवत बाहेर काढली. सुरू होईना. ते दोरी ओढत राहिले, मला हात लावू देईनात. शेवटी ती पेटली आणि समोरच्या झाडावरची माकडं पळाली. पाठोपाठ वनखात्याचा गार्ड मोटारसायकलवरून हजर झाला. कुठलं झाड तोडताय, असं त्याने दरडावून विचारलं. मी कपाळाला हात लावला. आता हा कार्बोरेटर ऐकणार.

पण काकांना धाप लागली होती. करवत बंद करून ते कठड्यावर बसले.

"झाड तोडत नाही साहेब," ते म्हणाले. "माझी मुलगी हिमाचलात असते. सफरचंदाची बाग आहे त्यांची. जावयाची पाठ गेली. यंदा बर्फाने झाडं मोडली, ती हिने एकटीने हातकरवतीने कापली. फोनवर हात दिसले मला तिचे." त्यांनी करवतीवर हात ठेवला. "मला डॉक्टरांनी तेवढ्या उंचीवर जायला मनाई केलीय. हृदय झेपणार नाही म्हणतात. मग निदान ही तरी तिथे जाऊन नीट चालायला हवी."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आम्ही. मला हवेची विरळता सांगितली आणि हे मात्र एका अनोळखी गार्डला. मला रागच आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना.

गार्डने आम्हाला आपल्या चौकीच्या अंगणात नेलं. तिथे एक वाळका ओंडका पडला होता. त्याच्यावर काकांनी करवत लावून पाहिली, स्क्रू जरासा आत घेतला, परत लावली. अर्धी उंची तरी साधली, म्हणाले.

पेट्रोल काढून, कोरडी करून करवत ट्रान्सपोर्टने हिमाचलला गेली. पोचल्यावर मृणालने, म्हणजे त्यांच्या मुलीने, व्हिडिओ कॉल केला. काकांनी मलाही बोलावून घेतलं. तिने करवत सुरू केली. मागे पांढरे डोंगर होते, पण काका डोळे मिटून ऐकत होते.

"जाड येतोय आवाज. स्क्रू आत घे. अगदी थोडा."

तिने घेतला. घरघर गेली. सलग, स्वच्छ आवाज यायला लागला. तिने ती मोडक्या फांदीला लावली, तर लोण्यातून सुरी जावी तशी गेली. माझे कान आता तयार झालेत, मी शपथेवर सांगतो, त्या आवाजात काही म्हणजे काही कमी नव्हतं. सुटलो एकदाचे, असं म्हणणारच होतो.

काकांनी डोळे उघडले. "नाही गं," ते म्हणाले. "अजून नीट नाही वाटत. उद्या परत लाव फोन."

मृणालने करवत बंद केली. पडद्यावरून तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"हो बाबा," ती म्हणाली. "मलाही जरा वेगळाच वाटला. उद्या लावते."