चौदा मीटर नळी

"आज पंपाचा आवाज येणार नाही म्हणजे नाही!" असं ताईंनी सकाळीच साऱ्या विभागाला ठणकावून सांगितलं.

ताई मऊ रबराची बटणं बनवायच्या. एरवी ती पट्टीवर अगदी सपाट; पण पट्टीच्या कडेला हात लावला की आत हवा भरून बटण वर यायचं आणि अधू नजरेच्या माणसाच्या बोटाला बरोबर सापडायचं. कल्पना झकास. फक्त पंप असा खडखडायचा की मागची चाचणी साहेबांनी कानांवर हात ठेवून पाहिली आणि वर बजावलं, "आता शेवटची संधी! नाहीतर तुम्ही परत झाकणांच्या विभागात!" त्या विभागात ताईंनी नऊ वर्षं बाटल्यांची झाकणं आखली होती. तिथे त्यांना काही केल्या परत जायचं नव्हतं.

म्हणून त्यांनी पंप झडपेसकट पलीकडच्या सामानाच्या खोलीत हलवला, मिस्त्रींना त्याच्यापाशी बसवलं आणि बारीक नळी छताखालून फिरवत बैठकीच्या खोलीत आणली. चौदा मीटर! इतक्या लांबून हवा यायला वेळ लागेल, हे रोज हवेशीच खेळणाऱ्या बाईंच्या डोक्यातच आलं नाही.

साहेब आले ते आपल्या आईला घेऊन. "हिला नीट दिसत नाही. हीच काय ते सांगेल."

आजींनी कडेला हात लावला. बटण ढिम्म.

"अगं, हे झोपलंय वाटतं!"

"पुन्हा लावा ना, आजी!"

आजी कामाला चोख. त्यांनी दहा वेळा हात लावला. पलीकडे झडप दहाही वेळा इमानेइतबारे उघडली.

मग बटण उगवलं. लिंबाएवढं झालं. "अय्या!" आजी म्हणाल्या. मग नारळाएवढं झालं, तरी थांबायचं नाव घेईना! ताईंनी फोन लावला. "मिस्त्री, बंद करा! सगळं बंद करा!"

मिस्त्रींनी खरोखरच सगळं बंद केलं, झडपसुद्धा. आता आतल्या हवेला बाहेर पडायला वाटच उरली नाही.

ताईंनी दोन्ही हातांनी नारळ दाबला. त्याला जोडलेला खोलीतला दिवा लागला. हवा शेजारच्या बटणात शिरली, ते टुणकन वर आलं आणि त्यावर ठेवलेला साहेबांचा चहा साहेबांच्याच मांडीवर सांडला.

"अहो, सोडा ते!"

सोडलं, तर नारळ परत हजर. शेवटी ताई सरळ त्याच्यावर बसल्या, तसा दिवा विझला. डोळ्यांपुढे झाकणंच झाकणं दिसत होती. रडूच यायचं बाकी होतं.

साहेब पँट पुसत उठले. "उद्यापासून तुम्ही—"

"थांब रे जरा!" आजी म्हणाल्या. "ऊठ गं बाई त्याच्यावरून." त्यांनी फुगलेल्या बटणावरून तळवा फिरवला, मग ते दाबलं. खोलीतला दिवा लागला. "बिनचष्म्याचं दिसलेलं हे पहिलं बटण! मला घरी हेच हवं. एवढंच मोठं!"

आईपुढे साहेबांचं काय चालणार? काम मंजूर झालं.

अहवालात ताईंनी लिहिलं, "बटणाचा आकार वापरणाऱ्यांच्या गरजेचा सखोल अभ्यास करून ठरवला आहे." खाली सही करताना मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.