टम्म फुगलेल्या भाकरीचा खुलासा

घरी चालून आलेली वस्तू परत पाठवायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात वाईट काय होतं, सांगा! कुरिअरवाला दारात उभा, खोक्यावर माझं नाव, आणि आत ‘फुगारा’ कंपनीचं विजेचं भाकरी मशीन. फुकट! मी सही ठोकली आणि इथूनच सगळं सुरू झालं.

मी साईनाथ. राहायला शहापुरात, नोकरीला भातसानगरच्या धरणावर कारकून. उरलेल्या वेळात (आणि थोडा ऑफिसच्याही वेळात) मी ‘साईनाथ सांगतो’ नावाचं चॅनेल चालवतो. घरगुती वस्तू वापरून बघायच्या आणि लोकांना खरं मत सांगायचं. ‘पारखून सांगतो, पटवून सांगतो!’ हे आमचं ब्रीद. तोवर मी चाळणी, लायटर आणि उंदराचा पिंजरा पारखला होता, तोही पदरमोड करून. (पिंजऱ्यात माझंच बोट अडकलं. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला.)

संध्याकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला.

“सर, छोटासा व्हिडिओ करा. मशीन तुमचंच. फक्त ते फुकट मिळालंय हे बोलू नका. लोकांना उगाच शंका येते.”

लोकांना शंका येऊ नये असं मलाही मनापासून वाटत होतं.

बायकोनं, म्हणजे रंजितानं, तांदळाच्या पिठाची उकड काढली, गोळा मशीनमध्ये ठेवला आणि झाकण दाबलं. फस्सकन वाफ आली. झाकण उघडलं तर अर्धी भाकरी वर चिकटलेली, अर्धी खाली. दुसऱ्या गोळ्याला मधोमध चीर गेली. तिसरा तर आम्हाला बराच वेळ सापडलाच नाही.

“अहो, तांदळाच्या भाकरीला हे नाही जमत,” रंजिता म्हणाली. “तसं सांगून टाका.”

“तसं सांगितलं तर पुढची वस्तू कोण पाठवेल? (मनात मी मोठा फ्रिज धरून बसलो होतो.) तू असं कर, भाकरी तव्यावर भाज. ती गुपचूप मशीनमध्ये ठेव. मग मी झाकण उघडतो.”

“ही फसवणूक झाली.”

“याला एडिटिंग म्हणतात.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मशीन बंद असूनही मला चटका बसला. पण केली बिचारीनं भाकरी. व्हिडिओत रंजिताचा हात गोळा ठेवतो, मी झाकण उघडतो, टम्म फुगलेली भाकरी दिसते आणि मी छाती पुढे काढून म्हणतो, “आईशप्पथ, असं मशीन बघितलं नव्हतं!” (हे मात्र शंभर टक्के खरं होतं.)

व्हिडिओ धो धो चालला. ऑफिसात साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. मी हवेत होतो, तोच अंबूबाईंचा फोन आला. अंबूबाई म्हणजे रंजिताची मावशी. माळशेजच्या रस्त्याला, वैशाखऱ्यात, त्यांची पिठलं-भाकरीची टपरी आहे. घाट बघायला जाणारी मंडळी तिथे हमखास थांबतात.

“जावयबापू, घेतलं हां तुमचं मशीन! पर मी हात नाय लावला. रईवारी तुमी या, तुमच्याच हातानं चालू करू.”

माझ्या पोटात गोळा आला. तोही चिरलेला.

“आत्ता सांगा त्यांना,” रंजिता कुजबुजली.

“असं फोनवर बरं दिसत नाही,” मी म्हणालो. “समोरासमोर सांगतो.”

रविवारी मोटरसायकलवरून मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला पोचलो. सगळा रस्ता मी वाक्यं जुळवत होतो. टपरीत शिरलो आणि वाक्यं पळाली. मावशींनी चूल मोडून टाकली होती! तिच्या जागी टेबल, टेबलावर मशीन, मशीनला झेंडूची माळ.

“धूर गेला, चूल गेली,” मावशी खुशीत म्हणाल्या. “आता नुसतं बटण!”

मी तोंड उघडणार तोच बाहेर एक मिनीबस थांबली आणि पर्यटकांनी बाकडी भरून टाकली. पिठलं तयार होतं. सगळ्यांची नजर मशीनवर आणि मशीनची माझ्यावर.

आता निदान एक तरी भाकरी होईल, असं मला का वाटलं कोण जाणे. मी बटण दाबलं, गोळा ठेवला आणि सगळा जोर लावून झाकण दाबलं. गोळा बंदुकीतून सुटल्यासारखा बाजूनं निसटला आणि एका काकांच्या टोपीवर जाऊन बसला. दुसरा वरच्या बाजूला लटकला. तिसऱ्याला टपरीची वीजच गेली.

“जावयबापू, काय चुकतंय काय?” मावशी हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. दर रविवारच्या गिऱ्हाइकावर त्यांचं घर चालायचं.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी बाकड्यावर चढलो. (उतरायचं कसं, हा विचार नंतर केला.)

“मावशी, मंडळी, चूक माझी आहे! हे मशीन मला फुकट मिळालं. व्हिडिओतली भाकरी रंजितानं तव्यावर केली होती. मशीनमध्ये एकसुद्धा झाली नाही. मी खोटं बोललो.”

मग टोपीवाल्या काकांनी विचारलं, “ते असू दे हो. भाकरी मिळणार की नाही?”

रंजितानं पदर खोचला. शेजारी नवसूची चहाची टपरी होती, तिच्या मागे चूल पेटलेली होती. रंजिता आणि मावशी तिथे बसल्या आणि भराभर भाकऱ्या थापू लागल्या. मला फुंकणी देण्यात आली. फुंकून फुंकून मी काळा पडलो आणि त्याच तोंडानं तिथूनच व्हिडिओ टाकला: मशीन फुकटचं होतं, भाकरी तव्याची होती, माफ करा, कुणी घेऊ नका.

कंपनीच्या माणसानं मला फोनवर जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही. पण बोभाटा झाल्यावर त्यांनी मावशींचं मशीन मुकाट्यानं परत घेतलं. माझं घेतलं नाही. पाठवायला खर्च येतो म्हणे.

पुढच्या रविवारी मी मावशींची चूल नव्यानं घालायला गेलो. माती मीच तुडवली, शेण मीच कालवलं. चूल उभी राहिली, मावशींनी चहा पुढे केला आणि मी कप तसाच खाली ठेवला.

“मावशी, तुम्ही माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवलात, आणि मी असं वागलो. परत माझ्यावर विश्वास ठेवाल ना?”

मावशी बुचकळ्यात पडल्या.

“तुमच्यावर? मी कवा ठेवला? तुमचा इडिओ मी आवाज बंद करूनच बघते. तुमी लय बोलता. त्यात आमच्या रंजूचा हात दिसला गोळा ठेवताना, म्हनून घेतलं मशीन!”