कण्याला शेजार चांगला हवा

कुणाचं पुढे काय होणार, हे गुणांवर नसून पत्त्यावर ठरतं. कोथरूडमध्ये हे सत्य पूर्वीपासून ठाऊक होतं. विज्ञानाने अलीकडे त्याला दुजोरा दिला, याबद्दल विज्ञानाचं अभिनंदन.

गर्भात कण्यातला मज्जारज्जू घडू लागतो, तेव्हा तिथल्या पेशी साधारण सारख्याच असतात. मग पोटाकडच्या बाजूने एक रासायनिक निरोप सुटतो. पेशी त्या निरोपाच्या किती जवळ आहे, त्यानुसार तिच्यातली जनुकं जागी होतात. जवळच्यांना स्नायू हलवायचं काम मिळतं, लांबच्यांना इकडचा निरोप तिकडे पोचवायचं. हद्दीवरची दोन जनुकं एकमेकांना बंद पाडतात आणि सीमा ठरते. (आमच्या सोसायटीत हे पार्किंगवरून होतं. जनुकं मात्र त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलावत नाहीत.) अर्ज नाही, मुलाखत नाही, वशिला नाही. इतका स्वच्छ कारभार पाहून कुणालाही संशय यावा.

ही माहिती आमच्या इमारतीला शेफालीने दिली. ती कोंबडीच्या गर्भातल्या याच पेशींवर पीएच.डी. करते आणि तेव्हा स्वतः सातव्या महिन्यात होती. माहिती घरात दिली, एवढीच तिची चूक. तिचे सासरे भीमराव खडकीच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. ऐकलेली गोष्ट अमलात आणल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

भीमरावांनी निष्कर्ष काढला, की सुनेला चांगल्या निरोपाजवळ बसवलं पाहिजे. इमारतीत चांगला निरोप एकच: दुसऱ्या मजल्यावरचा शौनक, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत झळकलेला. ठरलं असं, की शेफालीने दुपारी शौनकच्या घरी सोफ्यावर, त्याच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून बसायचं. (म्हणजे पोट निरोपाच्या बाजूला येतं.) शौनकच्या आईने उदार मनाने मान्यता दिली. चहा मिळणार नाही, एवढीच अट.

"अहो बाबा," शेफाली म्हणाली, "हे निरोप पेशी पेशींना देतात, शेजारी शेजाऱ्यांना नाही. आणि हे वाटप सुरुवातीच्या महिन्यांतच होऊन जातं. तेव्हा तर मी तुम्हाला बातमीसुद्धा दिली नव्हती."

"म्हणजे आपल्याला उशीर झालाय," भीमराव म्हणाले. "मग उद्यापासूनच."

"उद्या नको ना. उद्या दुपारी माझी अंडी उघडायची आहेत. गर्भ त्या टप्प्याच्या पुढे गेले, की त्या पेशी तशा दिसतच नाहीत. वर्षभराचं काम आहे, बाबा. बाळंतपणाआधीची ही शेवटची खेप."

"अंडी काय, कोपऱ्यावर मिळतात," सासूबाई शालूताई म्हणाल्या.

नवरा शंभू ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्याने तेवढ्यापुरता माइक बंद केला. "अगं, ॲडजस्ट कर ना. एवढं काय?"

शेफालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला भयंकर राग आला होता. ते सगळं गरोदरपणाचं आहे, असं एकमताने ठरलं.

दुसऱ्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून बसली. पलीकडे शौनक झोपला होता. (निरोप देणारा जागा असावा, अशी शास्त्रात कुठेही अट नाही.)

योजनेला उत्तम प्रतिसाद मिळाला. सोसायटीतल्या दहापैकी अकरा कुटुंबांनी तिला पाठिंबा दिला. वाटप लवकर होतं, हे कळल्यावर नवविवाहितांची रांग लागली, आणि लग्न न ठरलेल्या मुलींच्या आयाही दूरदृष्टीने येऊन बसू लागल्या. कसबा पेठेतल्या एका घराने तर स्थळ पाहताना पत्रिकेआधी मजला विचारला.

यथावकाश शेफालीला मुलगी झाली. कणा जागेवर आहे, हातपाय हलतात. या सगळ्याचं श्रेय सोफ्याला देण्यात आलं आणि त्याचं कापड बदललं.

हे वाचून आपण हसला असाल. हसावं. ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली तेही पोटभर हसले, आणि मग जरा आवाज खाली करून त्यांनी विचारलं, की शौनकचा रँक नेमका कितवा आणि ही इमारत कोथरूडात नक्की कुठे. आपल्याही मनात ते येऊन गेलं असेल. शेफालीच्या अंड्यांचं त्या दुपारी काय झालं, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही.

ती कुणी उघडली नाहीत.