एकोजीरावांचे माप

"दंड सोळा इंच! छाती अठ्ठेचाळीस! आज भीम तंजावरात उतरला ना, तर माझी बंडी त्याला ढगळ होईल!"

गळ्यात शिंप्याची टेप अडकवून एकोजीराव रोज सकाळी ही घोषणा करीत. ऐकणारे दोघेच असत: बायको वसुमती आणि चुलीवरचे इडलीपात्र. पात्र निदान फुसफुसे तरी! वसुमती तेही करीत नसे.

एकोजीराव तालुका कचेरीत नकलनवीस होते. दिवसभर गोऱ्या साहेबांच्या हुकुमांच्या नकला करायच्या आणि सकाळ-संध्याकाळ लोखंड उचलायचे, हा त्यांचा क्रम. त्यांचे व्यायामशास्त्र साधे होते. जे चारचौघांना दिसते ते वाढवायचे. छाती दिसते, दंड दिसतात. पाय बिचारे वेष्टीच्या धोतरात झाकलेले असतात, त्यांच्यावर घाम कशाला गाळायचा? दोन वर्षांत छाती मृदंगासारखी फुगली, मान खांद्यांत बुडून दिसेनाशी झाली, आणि पाय मात्र लग्नाच्या वेळी होते तेवढेच राहिले.

पोंगल आटोपला आणि गावच्या व्यायाममंडळाने अंगसौष्ठवाची स्पर्धा जाहीर केली. जिंकणाऱ्याला एका शाळेत ड्रिलमास्तराची जागा मिळणार होती. परीक्षक कोण? तर स्वामिमलैचे सुब्रमण्यम स्थपती. पंचधातूच्या मूर्ती ओतण्यात त्यांचे केस पिकले होते.

"मूर्तिकार परीक्षक! मग झालंच की काम!" एकोजीरावांनी दंडावर थाप मारली. "मूर्ती जेवढी मोठी, तेवढा मान मोठा!"

"माझ्या माहेरचं पाणी तापवायचं घंगाळ तुमच्याहून मोठं आहे," वसुमती पहिल्यांदाच बोलली. "त्याला कुणी मास्तर केलं नाही."

"तुला नाही कळायचं! माझ्यासमोर आहे कोण? तो वैद्यनाथ!"

वैद्यनाथ म्हणजे टपालवाला. पत्रांची पिशवी घेऊन कालव्याच्या काठाकाठाने गावोगाव सायकल हाणायची आणि घरी येताना कावेरीत डुंबायचे, एवढाच त्याचा व्यायाम. दंड मोजायला गेले तर टेप हातात अर्धी उरे.

"तो उभा राहिला तर लोक त्याला पत्र मागतील, बक्षीस कोण देतंय!" एकोजीराव हसले. आणि हसण्याच्या भरात स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांनी कचेरीत जाऊन हेडक्लार्कांच्या टेबलावर राजीनामा ठेवला!

वसुमतीला हे मैदानावर पोहोचल्यावर कळले.

"अय्यय्यो! आधी जिंका तरी!"

"ही नुसती औपचारिकता आहे, वसू!"

मैदानावर पार पापनाशम गावापासूनची माणसे लोटली होती. छाती उठून दिसावी म्हणून एकोजीरावांनी रेशमी जिबा, म्हणजे झब्बा, शिंप्याकडून चार बोटे तंग करून घेतला होता. अंगात घालताना तो कसाबसा गेला. काढताना मात्र तो दंडांवर अडकला, आणि डोके आत, हात वर अशा अवस्थेत एकोजीराव गोल गोल फिरू लागले. शेवटी वैद्यनाथनेच एक बाही धरली, वसुमतीच्या भावाने दुसरी. टर्रर! जिबा दोन्हीकडे गेला आणि छाती प्रकट झाली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एकोजीरावांनी डोळे मिटून तो ऐकला.

मग वेष्टी सोडायची वेळ आली.

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "राजम, मी म्हणते, फणस शेवग्याच्या दोन शेंगांवर उभा राहतो तरी कसा गं?"

मैदान हसून लोळले. एकोजीरावांना वाटले, वैद्यनाथला हसतायत.

स्थपती उठले. हातात टेप नव्हती. होती नारळाच्या झावळीची एक हिरवी पाती. ती वैद्यनाथच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत धरून त्यांनी घडी पाडली आणि त्या घडीने छाती, कंबर, मांडी, पोटरी मोजत खाली गेले. एकदाच मोजले, मान हलवली.

नंतर एकोजीरावांकडे वळले. चेहरा मोजला. छाती मोजली. दचकले! पुन्हा मोजली. पोटऱ्या मोजल्या. मागे सरकून डोळे बारीक केले, पुढे येऊन तिसऱ्यांदा मोजले. आणि त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आले!

"देवा मुरुगा!" ते पुटपुटले. "किती वर्षं शोधत होतो!"

झाले! एकोजीरावांनी बायकांच्या बाजूला उभ्या वसुमतीला हात केला, शाळेच्या हेडमास्तरांना "सोमवारपासून येतो" असे सांगून टाकले, आणि कुणी विचारले नसताना सभेचे आभार मानायला सुरुवात केली. "मित्रहो, हे यश माझे एकट्याचे नाही..."

"पहिला, वैद्यनाथ!" स्थपती म्हणाले.

एकोजीरावांनी भाषण तिथेच सोडले.

"अहो स्थपती, त्याला एकदा मोजलंत! मला तीनदा! डोळ्यांत पाणी आणलंत!"

"राव, रागावू नका," स्थपतींनी त्यांचा हात हातात घेतला. "देवाची मूर्ती करताना एक अंग दुसऱ्याला शोभावं लागतं. या पोराची पोटरी मांडीला ओळखते, मांडी कंबरेला. तुमची छाती मात्र पायांना ओळखच देत नाही! पण मला तुम्ही हवे आहात. नटराजाच्या पायाखाली तो ठेंगू राक्षस असतो ना, मुयलकन? तो माझ्या हातून कधी मनासारखा उतरला नाही. आज साक्षात बघितला!"

मैदानात पुढे काय झाले ते एकोजीरावांना आठवत नाही. घरी जाताना ते एवढेच म्हणाले, "वसू, नोकरी गेली."

वसुमती नवऱ्याला घेऊन तशीच हेडक्लार्कांच्या घरी गेली. त्यांनी चष्मा लावून कागद दाखवला. "राजीनामा? हा? एकोजीराव, तुम्ही सहीच एवढी थोरली केलीत की मजकुरापैकी फक्त वरचं 'महाराज' वाचता येतं. मी तो नामंजूर करून ठेवलाय. उद्या वेळेवर या!"

परतीच्या वाटेवर वसुमतीचा पदर तोंडावर होता. ती रडत होती की हसत होती, हे विचारायची एकोजीरावांची छाती झाली नाही.

आठ दिवस त्यांनी लोखंडाला हात लावला नाही. नवव्या दिवशी मात्र ते गुपचूप स्वामिमलैला गेले. राक्षस तर राक्षस, पण मूर्ती तर होणार! शिवाय पंचधातूची! स्थपतींनी त्यांना जमिनीवर पालथे झोपवले.

"छाती फुगवू नका, राव. तुमच्यावर देव नाचतोय. दबलेले दिसा."

एकोजीराव दबले. मान वर करून त्यांनी हळूच विचारले, "मूर्ती केवढी होणार?"

"हातभर."

"आणि त्यात मी?"

स्थपतींनी मेणाचा गोळा बोटांत फिरवला. "चार बोटं."

एकोजीरावांनी जमिनीवर स्वतःची चार बोटे टेकवून पाहिली. मग अगदी मवाळ आवाजात म्हणाले,

"पाच करता येतील का?"

"नाही राव," स्थपती म्हणाले. "प्रमाण बिघडेल."