त्रेसष्टावी तक्रार

आठ महिन्यांच्या चिमीला झोपायला तीन गोष्टी लागत: भरलेलं पोट, कोरडा लंगोट आणि खाली आजोबांचं लेथ चालू. पहिल्या दोन सगळ्याच बाळांना लागतात. तिसरी कोणी मुद्दाम लावलेली सवय नव्हती. घर वर, वर्कशॉप खाली, आणि पाळणा टांगण्याइतकी भक्कम तुळई एकच, ती नेमकी लेथच्या डोक्यावर. आजोबा लेथच्या पकडीत, म्हणजे चकात, कातायचा लोखंडी तुकडा, म्हणजे जॉब, आवळून लेथ सुरू करत, तुळई बारीकशी थरथरे, पाळणा आपसूक हले आणि त्या एकसुरी घरघरीत चिमीच्या पापण्या जड होत. दोन्ही हात मोकळे ठेवून बाळ झोपवणारी आई जगात आपण एकटीच, असं तिच्या आईला वाटे. गल्ली तिला सूनबाई म्हणे. तिचे सासरे सगळ्या गल्लीचे दादा होते, त्यामुळे ती सगळ्यांचीच सून.

मग गल्लीच्या टोकाची फाउंड्री पाडून तिथे महाभांडार उभं राहिलं. एका छपराखाली सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं. जिथे लोखंड वितळायचं तिथे आता मटार गोठवून ठेवले होते. याला विकास म्हणतात, हे गल्लीला फलक वाचून कळलं. स्प्रिंगवाल्याची शेड गाड्या उभ्या करायला गेली, प्लेटिंगवाल्याच्या जागी कुंड्या आल्या. दादांचं लेथ तेवढं राहिलं, कारण ते नकाशात दिसलंच नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी गल्लीतला प्रत्येक जण भांडार बघून आला. दारात एक छोटा फॉर्म होता आणि तो भरणाऱ्याला झाकणाची निळी बादली फुकट होती. फॉर्मवर एकच प्रश्न: "आपला परिसर शांत असावा असे आपणास वाटते काय?" आता याला नाही कोण म्हणणार? लोकांनी 'हो'वर खूण केली, खाली सही ठोकली आणि बादली उचलली. त्या सहीच्याही खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी छापलेलं होतं. ते वाचायला चष्मा लागला असता, आणि बादल्या संपत आल्या होत्या.

तीन आठवड्यांनी नोटीस आली. "आपल्या यंत्रामुळे परिसराच्या शांततेचा भंग होत असल्याबाबत त्रेसष्ट लेखी तक्रारी प्राप्त झाल्या असून, सदर यंत्र पुढील आदेशापर्यंत मौन ठेवण्यात यावे."

दादा, सूनबाई आणि तिच्या कडेवरची चिमी नोटिशीवर पत्ता होता त्या शांतता कक्षात गेले. शेजारच्या खोलीत फरशी फोडण्याचं काम चाललं होतं, त्यामुळे शांतता अधिकाऱ्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"तक्रारी केल्या कोणी?" दादांनी विचारलं.

"ते गोपनीय असतं!" अधिकारी ओरडले.

"चाळीस वर्षं आहे मी त्या गल्लीत. माझं कोणाशी वाकडं नाही, साहेब."

"इथे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो!"

सूनबाई चिमीला हलवत टेबलावरची यादी उलटी वाचत होती. उलटी अक्षरं तिला लवकर लागत. बाळ मांडीवर घेऊन तिने आठ महिने सगळं तसंच वाचलं होतं. ती एकदम म्हणाली, "अहो दादा, पहिलीच तक्रार तुमची आहे! बादलीच्या फॉर्मवरची सही!"

अधिकाऱ्यांनी यादीवर पंजा ठेवला. "बाई, तक्रारदाराचं नाव आरोपीला सांगणं नियमाविरुद्ध आहे."

"पण तेच हे!"

"म्हणून तर काळजी. उद्या यांनी त्यांच्यावर दबाव आणला तर?"

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरं. मी माझी तक्रार मागे घेतो."

"दबावाखाली?"

"कोणाच्या?"

"तुमच्या."

फरशी फोडणारा क्षणभर थांबला, म्हणून हे शेवटचं वाक्य फारच मोठ्याने ऐकू आलं. अखेर दादांनी स्वतःशी सलोख्याने वागेन असं लिहून दिलं, तेव्हा कुठे नियम कळला. त्रेसष्टच्या त्रेसष्ट तक्रारी येत्या शुक्रवारी पाचच्या आत मागे घेतल्या गेल्या तर लेथ सुरू. एक जरी उरली तरी यंत्राला कायमचं सील आणि मग लिलाव. खोट्या सह्या होऊ नयेत म्हणून माघार तोंडीच घ्यायची, महाभांडाराच्या सेवा काउंटरवरच्या यंत्रासमोर, स्पष्ट आणि मोठ्या आवाजात. सोबत बादलीही परत करायची.

त्या दिवसापासून दादा सकाळी खाली जात, तेलाच्या फडक्याने लेथ पुसत, आणि संध्याकाळी वर येत. दिवसभर पुसण्याएवढं ते लेथ मोठं नव्हतं. सूनबाई चहा घेऊन गेली की म्हणत, "ठेव तिथे. हात तेलकट आहेत."

आणि चिमी रडू लागली. नवरा टेम्पो घेऊन आठवडाभर बाहेर होता, त्यामुळे तिला घेऊन येरझारा घालायला सूनबाई एकटीच. तिने ताट वाजवलं, मिक्सर लावला, स्वतः घर्रर्र केलं. चिमीने ऐकून घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. पूर्वी असं रडणं यंत्रांच्या आवाजात विरून गेलं असतं. आता परिसर अधिकृतपणे शांत असल्याने ते शेवटच्या घरापर्यंत खणखणीत पोचत होतं. गल्लीने शांतता कक्षात चौकशी केली. बाळाचं रडणं नैसर्गिक ध्वनीत मोडतं, असं उत्तर आलं.

पाचव्या दिवशी समोरच्या शिवणवाल्या काकू दारात आल्या. "सूनबाई, तुझी पोर गल्ली डोक्यावर घेते गं. डोळ्याला डोळा नाही चार दिवस."

"शांतता तुम्हीच मागितली होती ना काकू?"

"मी बादली मागितली होती!"

"मग ती परत करा, म्हणजे झोपेल ही."

काकूंचा चेहरा पडला. बादलीत कणीक होती, आणि झाकण काय घट्ट बसायचं! पण झोप ती झोप. त्यांनी कणीक पातेल्यात ओतली, बादली विसळली आणि पदर खोचून निघाल्या. त्यांच्या मागे इस्त्रीवाला गेला. "मी माझी तक्रार मागे घेतोऽऽ!" असं तो इतक्या जोरात ओरडला की त्याच्यावर नवी तक्रार होता होता राहिली. सूनबाई चिमीला कडेवर घेऊन घरोघर फिरली, एकेकाला भांडाराच्या फाटकापर्यंत सोडून आली. ती स्वतः आत जात नसे. रडतं मूल दिसलं की तिथला रखवालदार भुवया चढवी. आपली तक्रार काय, घरचीच आहे, शेवटी घेऊ मागे, असा तिचा हिशोब होता.

शुक्रवारी दुपारी बासष्ट झाल्या. दादांनी दाढी केली, कपाटातून नवा जॉब काढून चकात आवळला आणि मनगटावरचं घड्याळ लेथवर काढून ठेवलं. "तू ये जाऊन," ते म्हणाले. "मी स्विचपाशीच आहे." चिमीला त्यांच्याकडे ठेवावं म्हटलं तर ती राहीना. बंद लेथशेजारचे आजोबा तिला परके वाटत असावेत. मग एका कडेवर चिमी आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन सूनबाई निघाली.

पावणेपाचला ती काउंटरच्या रांगेत उभी राहिली. काउंटरमागच्या भिंतीपलीकडे मटार गोठवणारं भलंमोठं यंत्र होतं. त्यावर पाटी होती: "व्यावसायिक ध्वनी. परवानगीप्राप्त." यंत्र एकसुरी घरघरत होतं. पायाखालची फरशी बारीकशी थरथरत होती.

चिमीचं रडणं मधेच तुटलं. तिने कान दिला. मग आईच्या खांद्यावर गाल टेकवला, एक खोल उसासा टाकला आणि झोपली. आठवडाभरात पहिल्यांदा. श्वास सोडायचीही सूनबाईला भीती वाटू लागली.

"बोला मॅडम," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "इथे तोंड करून."

"मी माझी तक्रार मागे घेते," सूनबाई कुजबुजली.

काउंटरवरच्या यंत्रावर लाल दिवा लागला. आवाज अपुरा.

"अजून मोठ्याने. पाच वाजता बंद होतं हे."

"मी माझी तक्रार..." चिमीच्या पापण्या हलल्या. सूनबाई थांबली. पुन्हा लाल दिवा.

"तू लिहून घे ना गं. बासष्ट जणांनी घेतली की मागे."

"लिहून चालत नाही, मॅडम. मला कळतंय, पण यंत्राला कळायला हवं."

पाचला तीन मिनिटं होती. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दादा स्विचवर हात ठेवून उभे होते, हे तिला इथून दिसत होतं, म्हणजे दिसल्यासारखं होत होतं. एक वाक्य. एकदाच ओरडायचं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि मान वळवून लेकीकडे पाहिलं. गालावर अश्रूंची वाळलेली रेघ, अर्धवट उघडे ओठ, कानामागे ओले केस. तो श्वास तिच्या छातीतच राहिला.

रांगेत तिच्या मागे तुम्ही होता. तुम्ही काही वाईट माणूस नाही. ओळख ना पाळख, पण तुम्हाला कणव आली. पुढे वाकून तुम्ही हळूच म्हणालात, "राहू द्या ना ताई, किती गोड झोपलंय. कशाला उठवता? उद्या करा."

सूनबाईने वळून तुमच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत तिला इतक्या मायेने कोणी थांबायला सांगितलं नव्हतं.

पाच वाजले. यंत्राचा दिवा विझला. ती बाळ सांभाळत सावकाश बाजूला झाली आणि तुम्ही पुढे सरकलात. तुमच्या ट्रॉलीतलं आईस्क्रीम जरासुद्धा वितळलेलं नव्हतं.